फेलेआकचा चढ

क्लुझ शहराच्या बस डेपोत आलेली पहिली विजेची बस रुक्सांद्राच्या हाती दिली, तेव्हा तिचे वडील ओव्हिदियू नवा कोट चढवून तिच्या मागच्याच सीटवर बसले. त्यांनी जन्मभर डिझेलची बस चालवली होती.

“माझी लेक आहे ही,” ते चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. “पण पोरी, या बसला आवाजच नाही गं!”

“नसतोच, बाबा,” ती ऐटीत हसली.

शहराबाहेरचा फेलेआकचा चढ लागला आणि पायांखाली डिझेलचं इंजिन घुरघुरू लागलं. प्रवासी वाकून सीटखाली पाहू लागले. तिने बस कडेला उभी करून बंद केली. घुरघुर वाढतच गेली.

तिने वळून पाहिलं. ॲक्सिलरेटर दाबावा तसा बाबांनी उजवा पाय खाली दाबून धरला होता.

“घाबरू नकोस,” ते ताठ मानेने म्हणाले. “चढ आपल्या ओळखीचा आहे.”

बंद बस चढ चढू लागली.