डावा कोपरा

पेनल्टीसाठी चेंडू ठेवताना बंडूने मान वर केली, तर अकोल्याच्या गोलामागे खुशालराव उस्ताद उभे होते. बंडूची, म्हणजे अमरावतीच्या कॉलेजची टीम त्यांनीच घडवली होती. सरावाला ते गोलाच्या डाव्या कोपऱ्यात संत्रं टांगायचे आणि म्हणायचे, "पाड त्याले, अन् खा." बंडूने इतकी संत्री पाडली, की त्याचा पाय आपसूक डावीकडे वळे. मग अर्ध्या मोसमात कॉलेजने नागपूरहून नवे मास्तर आणले. उस्तादांना अकोल्याने बोलावून घेतलं.

आता सामना बरोबरीत होता. असाच सुटला तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे अकोल्याकडेच राहणार होता. शेवटची शिट्टी कधीही वाजली असती. उस्ताद पुढे वाकले आणि गोलकीपरच्या कानाशी काही बोलले.

बंडूने डाव्या कोपऱ्यावरून नजर काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चेंडू उजवीकडे मारला. गोलकीपरही उजवीकडेच झेपावला, आणि चेंडू त्याच्या पोटाशी विसावला.

मैदान रिकामं झालं, तेव्हा बंडू उस्तादांसमोर जाऊन उभा राहिला.

"तुमी त्याले माहा डावा कोपरा सांगतला न, उस्ताद?"

"सांगतला. आता मीठ त्याइचं खातो, बापू."

"मंग तो उजवीकडं काहून गेला?"

उस्तादांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"त्यालेबी माहा भरोसा नाई आला. त्याले वाटलं, मी अजून तुमचाच आहो."