आज एकही चूक नाही

आमच्या ह्यांच्यासोबत ती मालिका बघायची म्हणजे डोक्याला ताप. हे स्फोटकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, आणि मालिकेतलेही शास्त्रज्ञच, अतिरेक्यांच्या मागावर असलेले. मग काय, यांची टकळी सुरू. "हातमोजे कुठायत? असा उचलतात होय पुरावा?" सासूबाई वैतागायच्या, "अरे गप बस ना, जरा भिऊ तरी दे आम्हाला!"

आज पडद्यावरच्या बाईंनी बॉम्बचं झाकण अलगद उघडलं. आत तारांची जुडी हिरव्या दोऱ्यानं बांधलेली, वर चपटी तिहेरी गाठ. सासूबाईंनी उशी तोंडावर धरली. मी यांच्या शेऱ्याची वाट बघत होते, पण हे पुढे वाकून पडद्याकडेच बघत राहिले.

"काय हो, आज एकही चूक सापडली नाही वाटतं?" मी चिडवलं.

यांनी रिमोट उचलून चित्र तिथंच थांबवलं. चेहरा पांढराफटक.

"बाजारात सापडलेला तो बॉम्ब झाकण न उघडताच निकामी करून आमच्याकडे पाठवला होता ना, तो आज दुपारी मी एकट्यानं उघडला. आत हाच दोरा होता. हीच गाठ. अजून साहेबांनाही सांगितलेलं नाही."

मी यांच्याकडे वळले. "मग मालिकावाल्यांना कसं कळलं? हा भाग तर कधीच शूट झाला असणार!"

 

"तेच तर. ती गाठ आजवर दोघांनीच पाहिलीय. एक मी, आणि दुसरा, ज्यानं ती बांधली तो."