गळकी तोटी

पाना न लावता, नुसत्या हातानं वायसर बदलता येईल अशी तोटी ममतानं तयार केली आणि आईच्या गळक्या तोटीच्या जागी बसवली. दारव्ह्यात नळ केव्हा येतील याचा नेम नाही. सकाळपासून ती सारखी तोटीखाली हात धरून गळते का ते बघत होती. हात कोरडाच राहायचा, तरी जिवाला चैन पडेना.

दुपारी शेजारची नलूकाकू पाण्याची रिकामी गुंडी घेऊन दारात आली.

"नळ येऊन गेले ना वं! तुमची तोटी टपटपली की साऱ्या गल्लीले समजे. आज काहून नाही वाजली?"

ममता काही बोलायच्या आत आई तोटीपाशी जाऊन आली.



"लय सोपी हाय माय तुही तोटी," म्हणत तिनं काढलेला वायसर लेकीच्या हातावर ठेवला.