तीन रेषा

तीन रेषा काही केल्या खाली येईनात.

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर बाकीच्या रेषा केव्हाच कोसळल्या होत्या. नखाएवढ्या काचेच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे सेन्सर होते आणि प्रत्येक सेन्सरवर कॅन्सरची एकेकच पेशी. पेशी जिवंत असेपर्यंत तिची रेषा वर थरथरत राहते. औषधानं ती मेली की रेषा कोसळते. आज पेशींवर गोळ्यांचं औषध सोडलं होतं. या तीन रेषा आधी जरा वाकल्या, मग पुन्हा ताठ झाल्या. शेजारच्या चकतीवर दुसरं, जालीम औषध होतं. तिथं एकही रेषा उभी राहिली नव्हती.

धाकटीनं सेन्सर तपासले. पुन्हा तपासले. आपल्याच यंत्राची चूक निघावी, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. यंत्र चोख होतं.

पेशी तिच्या थोरल्या जावेच्या होत्या.

दोघींचा अबोला जुना. एक वरच्या मजल्यावर राहायची, एक खालच्या. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक जण भिंतीकडे तोंड करून दुसरीला वाट द्यायची. निरोप द्यायचा तर तो मुलांच्या तोंडून. मुलं त्या अबोल्यातच मोठी झाली. पण ही तपासणी करणारी माणसं शहरात मोजकी, म्हणून नमुना फिरून धाकटीच्याच टेबलावर आला.

डॉक्टरांच्या खोलीत सगळे तिची वाट बघत होते. थोरली खुर्चीत अंग चोरून बसली होती. मोठे दीर उभेच होते. लेक आईच्या खांद्यावर हात ठेवून होती. तिचा चेहरा नुसता उजळला होता, कारण डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, "जवळजवळ सगळ्या पेशी मेल्यात. गोळ्या घरी बसून घेता येतील."

दुसरं औषध म्हणजे इस्पितळात खाट धरायची. केस जाणार, तोंड सोलवटणार, पाण्याचा घोटसुद्धा झोंबणार.

"अर्थात तीन पेशी तगल्यात," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "तपासणी नवीन आहे. त्या तिन्हींना किती महत्त्व द्यायचं, ते मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तुमचं काय मत?"

गप्प बसणं सोपं होतं. सगळे हसतमुखानं घरी गेले असते, आणि पुढं काही झालं असतं तरी तिला कुणी बोल लावला नसता. ती जावेच्या पावलांकडे बघत राहिली. चपलेचा बंद सैल झाला होता, इतके पाय वाळले होते. एवढ्याशा अंगाला ते औषध सोसवेल?

"गोळ्या नकोत," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "त्या तीन पेशी गोळ्यांना दाद देत नाहीयेत. आज तीन आहेत, उद्या त्यांचीच गाठ होईल. दुसरं औषध द्या."

लेक उसळली.

"शंभरातल्या सत्त्याण्णव मेल्या, आणि काकू, तुला तेवढ्या तीनच दिसल्या? अजून किती डूख धरणार आहेस माझ्या आईवर?"

मोठ्या दिरांनी मान फिरवली. धाकटी दाराकडे वळली.

"थांब," थोरली म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "दुसरंच द्या."

"आई! तू हिचं ऐकणार? हिचं?"

थोरली इतक्या वर्षांनी जावेच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

"तू तेव्हा लहान होतीस," ती लेकीला म्हणाली. "मी गायचे. येईल तो वाहवा करायचा, तुझे बाबासुद्धा. मला सूर लागत नाही, हे घरात हिनं एकटीनं सांगितलं. त्या दिवशी मी हिच्याशी बोलणं टाकलं."

तिनं दम खाल्ला.

"आणि सूर खरंच लागत नव्हता गं."