बसून बघायची विजार

“उभं ऱ्हाऊन काय दाखवताय? बसा की,” चनमल्लप्पा शिंपी गळ्यातली टेप काढत म्हणाला.

“कशावर बसू? तुमच्या दुकानात घोडं कुटं हाय?”

चनमल्लप्पाने कोपऱ्यातला चादरींचा गठ्ठा पायाने पुढे लोटला, त्यावर आणखी एक चढवला. “हे घ्या. सोलापुरी घोडं. लाथ मारत न्हाई.”

महिपती टांग टाकून गठ्ठ्यावर बसला. बसला मात्र, साठीला टेकलेल्या त्या माणसाची पाठ आपोआप ताठ झाली. टाचा खाली गेल्या. दोन्ही हात लगामाच्या उंचीवर येऊन थांबले. चनमल्लप्पा एक डोळा बारीक करून बघत राहिला. एकेकाळी त्याने घोडेस्वार शिपायांचे कपडे शिवले होते. खरा बसणारा कोण आणि खोटा कोण, हे त्याला टेप लावायच्या आधीच कळायचं.

मांडीला टेप लागली तसा महिपती दचकला. हरणी मेल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, त्याला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. हरणी त्याची घोडी. वरातीच्या घोड्यांना चाल शिकवण्यात त्याची हयात गेली. आता नवरदेव उघड्या जीपमधून येतात, पुढे भिंती हादरवणारा डीजे असतो. अशा आवाजात घोडी नाचत नाही, पिसाळते.

आठवड्यापूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या नव्या रिसॉर्टवाल्यांनी निरोप धाडला होता. घोड्यासाठी माणूस पाहिजे, पण लेंगा चालणार नाही, ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वाराची विजार, घालून या. महिपतीने नवी पेठ पालथी घातली. एका दुकानातली विजार गुडघ्याच्या वर सरकेना. दुसऱ्या दुकानातल्या पोरीने सायकलवाल्यांची काळी चड्डी पुढे टाकली आणि म्हणाली, “स्ट्रेच आहे काका, कुणालाही बसते.” कुणालाही बसते ती कुणाचीच नसते, हे तिला कोण सांगणार? शेवटी कुणीतरी चनमल्लप्पाचं नाव काढलं.

“आतल्या बाजूला शिवण नगं,” महिपती म्हणाला. “मांडी सोलती.”

“मला शिकवू नका. आनि एक ऐकून ठेवा. उभ्यानं बघनाऱ्याला ही ढगळी दिसंल. मागं पिशवी दिसंल, गुडघ्यात झोळ दिसंल. बसल्यावर बोला.”

“मी बसनारच हाय की. उभं ऱ्हायला कोन चाललंय?”

चनमल्लप्पा हसला. “मग घोड्यावर बसल्याबसल्या मला फोन लावा. आता घोड्याचं कोन शिवून घेतंय? कशी बसली ते कळू दे.”

सोमवारी सकाळी महिपती पांढरी विजार घालून रिसॉर्टच्या हिरवळीवर उभा राहिला. समोर उंच तांबडा घोडा. घोड्याने मान लांबवून त्याचा खांदा हुंगला, आणि महिपतीने आपला तळवा त्याच्या नाकापुढे धरला. तेवढ्यात मॅनेजर नंदीश हातातल्या फोनसकट आला, त्याने महिपतीभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं.

“काका, याचं फिटिंग गेलंय. मागे बघा, पिशवी लटकतेय नुसती.”

“ही बसून बघायची अस्ती, साहेब. दावतो, थांबा.” महिपतीने रिकिबीत पाय घातला.

“अहो, अहो! काढा पाय! तुम्हाला बसायचं नाहीये.”

“मग?”

“गेस्ट बसणार. तुम्ही लगाम धरून शेजारी उभं राहायचं. फोटो काढला की पुढचा गेस्ट. ड्रेस त्यासाठीच तर सांगितला.”

“घोड्यासाठी मानूस पायजे म्हनला व्हता तुमी.”

“मग हा काय बैल आहे?” नंदीश स्वतःच्याच विनोदावर हसला. “आणि पाय जरा जुळवून उभे राहा ना. मधून कुत्रं जाईल.”

चाळीस वर्षं घोड्याच्या पाठीवर काढली की पाय असेच बाकदार होतात. तेच त्या माणसाचं सर्टिफिकेट. पण ज्यांनी जन्मात घोड्यावर टांग टाकली नाही, त्यांनीच हल्ली घोडेस्वारांना पास-नापास करायचं, असा जमाना आहे. महिपतीने पाय काढून घेतला. घोड्याच्या मानेवर थाप मारली. एकच.

“नीट बसणारा ड्रेस मिळाला तर या,” नंदीश मागून ओरडला. “नाहीतर आम्ही दुसरा बघतो.”

दुपारी तो देगावच्या पत्र्याच्या तबेल्यात परतला. तबेला आतून झाडलेला होता. तो रोज झाडायचा, कुणी घाण करायला नसलं तरी. गव्हाणीच्या दगडी भिंतीवर हरणीचं खोगीर ठेवलेलं होतं. महिपती जरा वेळ दारात थांबला, मग चढला आणि बसला. रिकिबीत पाय अडकवले. टाचा खाली गेल्या. मग त्याने खिशातून फोन काढला.

“चनमल्लप्पा, बसली.”

“कुटं तानत न्हाई?”

“न्हाई.”

“गुडघ्यात झोळ?”

महिपतीने वाकून नीट बघितलं. “एक सुरकुती न्हाई.”

“म्हनलं नव्हतं? उभ्यानं काय कळतंय त्यातलं!” तिकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. चनमल्लप्पा खुशीत होता. “आनि घोडं कसं हाय?”

महिपतीने खोगिराच्या खाली दगडावर हात ठेवला. पत्रा तापला होता, दगड गार होता.

“शांत हाय,” तो म्हणाला. “लई शांत.”