बाबांसारखी दाढी

बाबांना जाऊन वर्ष झालं, पण ते आईच्या डोक्यात राहायचंच नाही. रोज संध्याकाळी ती त्यांची वाट बघत दारात बसायची. शेवटी मी दुकानदाराला म्हटलं, "चांगला जड मुठीचा रेझर दाखवा, एक ओरखडा उठायला नको." बाबांचे गाल कायम गुळगुळीत असायचे.

ब्रशने भरपूर फेस काढून मी दहा वर्षांची दाढी उतरवली, त्यांच्यासारखी बारीक मिशी ठेवली आणि त्यांचाच चौकड्यांचा शर्ट घालून तिच्यासमोर उभा राहिलो.

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. कित्येक महिन्यांनी हसली.

"आलात एकदाचे."

आणि पुन्हा दारात जाऊन बसली.



"आपला दाढीवाला अजून कसा आला नाही हो?"