बुडबुडा तुटता कामा नये

दवाखान्यातल्या पलंगाशेजारच्या बाटलीतलं बुडबुडणारं पाणी थांबलं तसा येडू दचकला. त्यानं ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि आतल्या आत जोर लावला. बरगड्यांमधून निघालेल्या बारीक नळीतून वारं सुटलं, बाटलीत पुन्हा बुडबुडे उठले. मग कुठं तो उशीला टेकला.

"चालू हाय न्हवं?"

"हाय की," स्टुलावरचा गुंडा म्हणाला. "मास्तर असते तर पाठ थोपटली असती."

दोघंही सत्तरी ओलांडलेले सनईवाले. येडू वाजवणार, गुंडा त्याच्यामागं नुसता सूर धरणार. पन्नास वर्षांत या जोडीशिवाय सोलापुरात एकही लग्न लागलं नाही, आणि जी लागली ती टिकली नाहीत, असं गुंडा सांगतो.

शिकवलं रावजी मास्तरांनी. सनईला हात लावण्याआधी वर्षभर लोटाभर पाणी आणि पपईच्या देठाची नळी. तोंडानं फुंकायचं, नाकानं श्वास घ्यायचा, पण पाण्यातला बुडबुडा तुटू द्यायचा नाही. तुटला की पाठीत छडी.

"एकदा तू सकाळधरनं फुकत बसलावतास," गुंडाला आठवलं, "तवा मास्तरांच्या पोरीला, शिवाला वाटलं पाणी उकळलं. तिनं लोट्यात चहापत्ती टाकली."

"आन मी लाल पाणी फुकत राहिलो. त्या एका चहापायी तिच्याशी लगीन करावं लागलं बग." येडू हसला आणि कळ येऊन थांबला. तेवढ्यात बाटली थांबली. त्यानं परत गाल फुगवले.

डॉक्टर संघप्रिया आल्या. बाटलीकडं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमच्या फुप्फुसाला भोक पडलं होतं. हवा बाहेर साठली आणि फुप्फुस मिटलं. ती हवा निघून जावी म्हणून ही नळी घातली. आज आठवा दिवस, तरी गळती थांबत नाही. आता मोठं ऑपरेशन करावं लागेल. या वयात मला ते नकोसं वाटतंय."

"थांबंल कशी?" गुंडा छाती काढून म्हणाला. "आट दिस झालं, गड्यानं बुडबुडा तुटू दिला न्हाय. पाणी जरा थांबलं की लावलाच जोर. लई दमाचा माणूस हाय, बाई."

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसल्याच.

"अहो, बुडबुडा थांबला म्हणजे भोक बुजलं! मी त्याचीच वाट बघतेय. आणि तुम्ही जोर लावून ते रोज उघडताय?"

येडूनं बाटलीकडं बोट केलं.

"त्यो थांबला तर मी कुटं असंन, बाई?"

"घरी."

येडूनं मान हलवली. अंग सैल सोडलं. बुडबुडे विरळ झाले, आणि पाणी थांबणार तोच त्याचे गाल आपोआप फुगले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"जमंना," तो पुटपुटला. "पाठीमागं मास्तर हुबं असल्यावानी वाटतंय."

गुंडानं इकडंतिकडं बघितलं. सकाळच्या शहाळ्यातली नळी उचलली, स्टीलचा ग्लास पाण्यानं भरला.

"तू थांब. सूर मी धरतो."

मांडवात येडूला खोकला आला, तहान लागली, की गुंडा एवढंच म्हणायचा. त्यानं नळी ओठात धरली. ग्लासात बुडबुडे उठले, एकाला एक लागून. येडू कान देऊन पडून राहिला. हळूहळू त्याचे गाल ओघळले. बाटलीत तीन बुडबुडे आले, मग एक. मग आलाच नाही.

दुपारी शिवबाई डबा घेऊन आली. नळीतलं पाणी श्वासासरशी खालीवर होत होतं, पण बाटलीत बुडबुडा नव्हता. येडू आठ दिवसांत पहिल्यांदा घोरत होता. आणि गुंडा डोळे मिटून, गाल फुगवून, अजून ग्लासात फुंकत होता.

तिनं डबा खाली ठेवला आणि ग्लासात वाकून बघितलं.

"गुंडाभावजी," ती हळूच म्हणाली, "चहापत्ती आणलीच न्हाय की मी."